फोटोतली धनूफुई

आमच्या गावात, शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरीत, अजून म्हणतात, नथ्थूला अमेरिकेने मोठं केलं. म्हणताना लोक त्याचं इंग्रजी डोळ्यांपुढे आणतात, त्याचं चारचौघांत उभं राहून बोलणं आणतात. मी त्याची भाभी, थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो हट्टाने जेवण टाकून केळीच्या बागेत पळणारा पोर होता. तो तिकडे जाऊन मोठा झाला हे मलाही खरं वाटतं. फक्त लोक समजतात त्या गोष्टीने नाही झाला.

एकसष्ट साली तो शहाद्याच्या हायस्कुलात दहावीत होता. परदेशातल्या कुठल्याशा मंडळाला शेतकऱ्यांच्या घरची हुशार मुलं हवी होती. एक वर्ष तिकडच्या घरात राहायचं, तिकडच्या शाळेत शिकायचं. हेडमास्तरांनी नथ्थूचं नाव दिलं आणि ते लागलं. माझे सासरे रूपचंद, त्यांना आम्ही सगळे बा म्हणतो, पारावर बसून सांगायचे, "मन्हा पोऱ्या विमानमा बशी जाई ऱ्हायना." सासूबाई मात्र देवापुढे बसून रडायच्या. तिकडे मांस-मच्छी, आपल्या घरात लसूणसुद्धा एकादशीला चालत नाही. नथ्थूकडून त्यांनी तुळशीपुढे शपथ घेववली, तेव्हा कुठे डोळे पुसले.

जाण्याआधी शहाद्याच्या फोटोवाल्याला घरी बोलावून सगळ्यांचा एक फोटो काढला. बा आणि सासूबाई खुर्चीवर, आम्ही मागे उभे, नथ्थू मध्ये. धनूफुई एका कडेला, जमिनीवर.

फुई म्हणजे बांची थोरली बहीण, नथ्थूची आत्या. लहानपणी लग्न, लहानपणीच विधवा. परत आली ती याच घरात राहिली. पहाटे उठून शेण काढणं तिचं, दळण तिचं, चूल तिची. पुरुष जेवून उठले की ताटात हात धुऊन निघून जातात, तशी आमच्याकडची रीतच आहे. ती ताटं उचलणं-घासणं फुईचं. ती सगळ्यांच्या मागून जेवायची. फोटोवाला म्हणाला, "म्हातारीबाई, जरा आत सरका." ती म्हणाली, "राहू दे भाऊ, शुभ कामाले निंघना पोऱ्या, मी कडेलेच बरी."

फोटो नथ्थूबरोबर गेला.

तिकडचं जे काही मी सांगते आहे ते नथ्थूने मला पुढे सांगितलं, तेही एकदम नाही, तुकड्यातुकड्याने. विस्कॉन्सिन नावाचा प्रांत. गाईंचा गोठा असलेलं शेतकऱ्याचंच घर. घरधनी वॉल्टर, त्यांची बायको एडनाबाई, आणि नथ्थूच्याच वर्गात शिकणारी एक मुलगी. पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर नथ्थूने काय केलं, तर पेल्यातलं पाणी ताटात ओतलं आणि ताटातच हात धुतले. घरी करत होता तसं. टेबलावर पांढरा कपडा अंथरलेला, त्यावर उष्टं पाणी सांडलं. कोणी हसलं नाही. ती मुलगी नुसती बघत राहिली. मग वॉल्टर, शंभर एकराचा धनी, उठला, बाह्या वर केल्या आणि सगळ्यांची ताटं धुवायला लागला. एक टॉवेल त्याने नथ्थूकडे फेकला. पुसायला.

"भाभी, माले वाटनं जमीन फाटी जावो," नथ्थू म्हणाला.

एडनाबाईंनी त्याची लाज झाकायला म्हणून सहज विचारलं, तुमच्याकडे हे काम कोण करतं? आता याने सांगायचं ना, माझी फुई करते. पण नुकतंच त्या घरच्या धन्याला ताट घासताना पाहिलं होतं. म्हातारी फुई आपली ताटं घासते हे सांगायला जीभ वळेना. तो म्हणाला, नोकर आहे.

इथवरही निभलं असतं. पण थोड्या दिवसांनी त्यांनी फोटो बघायला मागितला. हे वडील, ही आई, हा भाऊ. एडनाबाईंचं बोट कडेला गेलं. ही कोण, तुमची ती नोकरीण का? नथ्थूने मान हलवली.

त्या शाळेत आणि आसपासच्या गावांत हिंदुस्थानातून आलेला मुलगा म्हणून त्याला बोलायला बोलवायचे. पहिल्यांदा अडखळला, पुढे सवय झाली. आमच्या कपाशीबद्दल सांगायचा, तापीबद्दल, सणवारांबद्दल. फोटो हातोहात फिरायचा, आणि एडनाबाई शेजारीच बसलेल्या असायच्या, म्हणून प्रत्येक ठिकाणी फुईला नोकरीण म्हणणं आलं. खोट्याचं असंच असतं, एकदा घरात घेतलं की त्याला रोज भाकर घालावी लागते.

आणि तेच वर्ष तो तिकडे शिकतही होता. सकाळी गोठा झाडायचा. आपलं अंथरूण आपण घालायचं, आपला सदरा आपण धुवायचा. वर्गात चुकलं तर उभं राहून चुकलं म्हणायचं. पहिल्या परीक्षेत पार मागे होता, शेवटी बऱ्यापैकी वर आला. ती मुलगी त्याला स्पेलिंग शिकवायची आणि शेण कसं ओढायचं तेही. "घरी शेण कोण काढतं?" तिने एकदा विचारलं. यावरही तेच उत्तर. तो म्हणायचा, हातात फावडं घेतलं की फुईची पाठ दिसायची. पण खरं सांगायचं कसं? जितका तो शहाणा होत गेला तितकं ते जड होत गेलं, आणि जितकं जड झालं तितकं तोंड मिटत गेलं.

बासष्टच्या पावसाळ्यात परत आला. नंदुरबार स्टेशनावर हार, गावात वाजंत्री. बांनी सगळ्यांसमोर ओसरीवर त्याची पेटी उघडली. एडनाबाईंनी प्रत्येकासाठी पुडकं दिलं होतं, वर नाव लिहून. बांना पेन. सासूबाईंना काचेची बरणी. मला रुमाल, त्यावर माझ्या नावाचं अक्षर भरलेलं. शेवटी एक पुडकं उरलं, त्यावर नाव नव्हतं.

"यो कोनले रे?" फुईने दारातून विचारलं.

नथ्थूचा चेहरा मी पाहिला. मला वाटलं प्रवासाने शिणलाय. "तुले," तो म्हणाला.

आत कमरेला बांधायचं एक फडकं होतं, पुढून गुडघ्यापर्यंत येणारं, काम करताना लुगडं मळू नये म्हणून. एप्रन म्हणतात त्याला. पांढऱ्यावर पिवळी फुलं, कडेला झालर, आणि खिसा. हाताने शिवलेलं.

फुईच्या अंगावर मी विटकरी लुगड्याशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं. विधवेला रंग नाही, फूल नाही. तिने ते फडकं अंगाला लावून पाहिलं आणि घडी घालून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बांधून चुलीपुढे बसलेली.

शेजारची प्रमिलाबाई ताक मागायला आली, ती बघतच राहिली. "ओ धनूबाई! या वयमा पिवळी फुलं? कोठे निंघनी नवरी?"

फुई वळलीसुद्धा नाही. "शास्त्रमा लुगडानं लिखेल शे. याबद्दल कोठे लिखेल शे ते दखाड माले."

"अमेरिकाना पदर शे वाटस!"

"शे मंग. तुन्हा भाऊनी आना का तुले?"

सगळ्या हसल्या, फुई सगळ्यांत जास्त. खिशात ती सुपारी ठेवायची, देवळाची किल्ली ठेवायची. त्या वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेला तेच बांधून गेली. घोड्यांच्या बाजारातसुद्धा लोक वळून बघत होते. कोणी विचारलं की सांगायची, "मन्हा भाचानी मडमबाईनी मन्हासाठी शिवं. स्वतःना हातवर."

नथ्थू त्या दिवसांत घरात टिकायचा नाही. फुई वाढायला आली की ताटावरून उठायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "परदेशात जाऊन माज आला का? फुईच्या हातचं चालत नाही?" तेव्हा तो केळीच्या बागेत माझ्यापुढे लहान मुलासारखा रडला आणि सगळं बोलला.

मी काय सांगणार? मी म्हटलं, "गप्प राहा. ती सुखात आहे. तिकडचं तिकडे राहिलं." तो म्हणाला, "भाभी, ते तिले नोकरीण म्हनीसन दिन्हं शे. ती ते अंगवर मिरवस." मी नुसतं रामाचं नाव घेतलं.

तिकडचं तिकडे राहिलं नाही. त्रेसष्टच्या हिवाळ्यात एडनाबाई हिंदुस्थान बघायला निघाल्या आणि दोन दिवस आमच्याकडे येते म्हणून कळवलं. गावाला आनंद झाला. ओसरी सारवली, कोणाच्या घरून खुर्ची आणली, कोणाच्या घरून कपबशा. फुईने एप्रन रिठ्याने धुऊन, तांदळाच्या पेजेची खळ देऊन वाळत घातला. "ती ई, तं मी दारमा उभी ऱ्हासू. तिले दिसाले पाहिजे मी कसं जपेल शे."

नथ्थूने बांना सांगितलं. सांगावंच लागलं. बा म्हणाले, "धनूले दोन दिन खापर गावले धाडी देऊत. तिना सासरना कोनी शे तठे."

फुईला ते कळलं तशी ती ओट्यावरच बसली. "मन्हीच पावनी येई ऱ्हायनी आनि मीच खापरले जाऊ? कसाले?"

सासूबाई आत गेल्या. मी परातीत पीठ मळत होते, मान खाली घालून मळत राहिले. तेव्हा नथ्थू तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि सांगितलं. काही गाळलं नाही. ताटात हात धुतले तिथून फोटोपर्यंत, आणि पुडक्यावर नाव का नव्हतं तेही.

फुई सुपात तूर निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

"मंग तू खोटं काय बोलना?" ती म्हणाली.

"फुई..."

"नई, सांग ना. ताटं मी घासस. शेण मी काढस. मांगून जेवस. नोकर तरी महिनाले पैसा मांगस. तू तं खरंच सांगेल शे."

हे तिने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. बाजारात दर सांगावा तसं ती सांगत होती. बा ओसरीवर होते, त्यांना ऐकू गेलं. माझे हात पिठात होते ते तसेच राहिले.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "तठे कोनी तुले इचारं का, तिनं नाव काय शे?"

"नई."

"हां." तिने खडा उचलून बाहेर टाकला. "पन तिले खरं सांगजो, नथ्थू. तिनी हातवर शिवेल शे. कोनले दिन्हं ते तिले माहीत पाहिजे. मी काही खापरले जावाव नई."

दोरीवरचा एप्रन तिने काढला, घडी घातली आणि आत ठेवून दिला. विटकरी लुगड्यातच चुलीपाशी बसली.

नथ्थू मुंबईहून एडनाबाईंना घेऊन सुरतमार्गे आला. गाडीत सांगणार होता. घरात शिरला तेव्हाच मला कळलं, सांगितलेलं नाही. दाराशी माझ्या कानात म्हणाला, "तोंड उघडं, पन बोलता नई उनं." म्हणजे तोंड उघडलं, पण शब्द आला नाही.

बाई उंच, लालबुंद, हसऱ्या. अर्धं गाव ओसरीखाली जमलेलं. त्यांनी दोन्ही हात जोडून बांना नमस्कार केला, सासूबाईंच्या पाया पडायला वाकल्या तशी पोरं ओरडली, "मडमबाई पाया पडनी!" चहा झाला. मग त्यांनी नथ्थूला काहीतरी म्हटलं आणि बूट काढून सरळ स्वयंपाकघराकडे आल्या. फुईला पाहताच ओळखलं. फोटोतली. जवळ बसल्या, फुईचे दोन्ही हात हातात घेतले, उलटे करून तळवे पाहिले. तळव्यांना किती घट्टे आहेत ते मला त्या दिवशी दिसलं. मग नथ्थूकडे बघून मायेने काहीतरी विचारलं.

"काय म्हनी ऱ्हायनी?" फुईने विचारलं.

आता इथे काहीही सांगता आलं असतं. ती म्हणते स्वयंपाकाचा वास छान येतो, असं सांगितलं असतं तरी कोणाला कळणार होतं? दारात बा उभे होते, आमचे हे होते, मागे गाव होतं. बांनी नथ्थूकडे पाहिलं, झाकून ने म्हणणारी ती नजर मला कळली.

नथ्थू म्हणाला, "ती इचारस... इतला लोकेस्नं काम करस, हे लोके तुले पगार बराबर देतस का. सुट्टी देतस का."

बांची मान खाली गेली. मग नथ्थू एडनाबाईंकडे वळला आणि इंग्रजीत बोलायला लागला. हळू, थांबत थांबत. मला इंग्रजी येत नाही, सातवीपर्यंत मराठी शाळा शिकलेली मी. पण 'आंटी' एवढा शब्द ओळखीचा होता. तो त्याने दोनदा म्हटला. बांकडे बोट केलं, फुईकडे केलं, शेवटी आपल्या छातीवर हात ठेवला.

एडनाबाईंचं हसू गेलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाल्या. त्यांनी फुईचे हात सोडले, एखादी न विचारता घेतलेली वस्तू ठेवून द्यावी तसे. नथ्थूला थोडंच काही बोलल्या, पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय म्हने?" फुई.

"म्हने, तिले मन्ही लाज वाटस."

फुई ताठ झाली. "तिले सांग, पोऱ्या आमना घरना शे. त्यानी लाज आमनी शे, तिनी नई. तू पावनी शेस, पाव्हनपनं कर. जेव."

नथ्थूने ते सांगितलं असावं, कारण एडनाबाईंनी मान डोलावली. पण उठल्या नाहीत. तिथेच जमिनीवर मांडी घालायला लागल्या, ती काही जमेना. बांचा आवाज दारातून आला, घोगरा. "धनू. बाहेर ये. खाटवर बस तिनाजवळ."

"आनि भाकरी कोन करी?"

मी परात तिच्या पुढून ओढली. आधी कधी ओढली नव्हती. ती माझ्याकडे बघत राहिली, मग उठली.

ओसरीवर खाटेवर पाहुणीशेजारी बसली खरी, पण हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. कधी मांडीवर, कधी पदराखाली. एडनाबाई एकेक विचारू लागल्या आणि नथ्थू मध्ये बसून तिकडचं इकडे, इकडचं तिकडे सांगू लागला. नवऱ्याचं नाव काय होतं? तो कशाने गेला? त्याचा चेहरा आठवतो का? भाकरी थापता थापता मी आतून ऐकत होते. यातलं एकही नथ्थूला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. नवऱ्याला पाहिलंच नव्हतं म्हणे तिने, अंतरपाटापलीकडे पगडी तेवढी दिसली होती. हे सांगताना ती हसली. सासूबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला.

मग एडनाबाईंनी विचारलं, या मुलाचं नाव नथ्थू का ठेवलं, त्याचा अर्थ काय.

"याना आगोदर दोन गयात," फुई म्हणाली. "मंग यो जगाले पाहिजे म्हनीसन याना नाक टोचं, पोरीसारखं. मांडीवर मीच धरेल व्हता, लई रडना. नथ घाली म्हनीसन नथ्थू. नाव मीच काढं. फुईनाच मान ऱ्हास ना तो, नाव ठेवाना."

नथ्थूने सांगायला तोंड उघडलं, पण तिचं संपलं नव्हतं.

"पन पाळणाजवळ माले येता येत नव्हतं. रांडमुंड बाई. मंग प्रमिलानी सासूनी त्याना कानमा सांगं. मी भिंतमागे उभी व्हती, बरोबर सांगस का नई ऐकाले."

आत सासूबाईंनी हुंदका गिळला. त्या पाळण्यापाशी त्याच बसल्या होत्या. बाहेर नथ्थू बोलायचा थांबला होता. एडनाबाई त्याच्याकडे बघत होत्या, ओसरीखाली उभं असलेलं गाव बघत होतं. मी भाकरी तव्यावर टाकून दारात आले. तो फुईच्या पायांकडे बघत बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते, जणू एवढ्या शाळा शिकूनही एकही शब्द सापडत नव्हता.

"सांग ना रे," फुई म्हणाली. "ती वाट पाही ऱ्हायनी."

मग त्याने सांगायला सुरुवात केली.